दूध उतू जाताना तुम्ही कुठे होता?

मार्चमध्ये बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं. तोवर मला फक्त चहा यायचा, तोही साखरेचा डबा कुठला हे तिने सांगितलं तर. पहिल्याच आठवड्यात दोन कपांचे कान गेले, लोणच्याची बरणी गेली. दूध तर रोजच उतू जायचं. एकदा मी गॅससमोर उभा असताना गेलं. आतून आवाज आला, "अहो, इतकी वर्षं चर्चच्या मंडळीत सांगताय, देव सतत जवळ असतो म्हणून. मग दूध उतू जाताना तुम्ही कुठे होता?"

हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. देव ओट्यापाशी असणारच. मीच नव्हतो. मी मनातल्या मनात पंच कमिटीच्या बैठकीत होतो, एका गृहस्थांना परवा सुचलं नाही ते उत्तर आज देत होतो.

त्याच दिवसांत ब्रदर लॉरेन्स पुन्हा काढून वाचला. सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, मूळ नाव निकोला एर्मां. तरुणपणी सैन्यात होता, जखमी झाला, पाय कायमचा अधू झाला. मग एका बड्या माणसाकडे नोकर. तो स्वतःच सांगतो की मी वेंधळा, हात लावीन ते फोडायचो. (इथे मला फार बरं वाटलं.) 1640 साली पॅरिसमधल्या कार्मेली नावाच्या कॅथलिक संघाच्या मठात गेला आणि तिथे त्याला दिलं काय, तर स्वयंपाकघर! त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा होता. तरी वर्षानुवर्षं केलं, पुढे मठातल्यांच्या चपला सांधल्या. एकदा मठासाठी वाईन आणायला बर्गंडीला पाठवलं, तर पायामुळे नावेत चालता येईना, गडी पिंपांवरून गडगडत सरकायचा. वाईन म्हटल्यावर आमच्याकडे काही भुवया वर जातील, जाऊ देत. "आपण प्रॉटेस्टंट, कॅथलिक मठवाल्याचं काय घेऊन बसलात?" असंही एकाने विचारून झालंय. देवाची आठवण ठेवत तव्यावरचं ऑम्लेट उलटणाऱ्या माणसाचा पंथ मला तरी विचारावासा वाटत नाही.

त्याचं म्हणणं अगदी साधं आहे. काम करता करता देवाशी बोलत राहायचं. मन भटकलं की परत यायचं. चूक झाली तर कबूल करायची, 'तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असाच वागणार' एवढं म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. रडत बसायचं नाही. आणि हे त्याला पहिल्या दिवशी जमलं नाही. सुरुवातीची दहा वर्षं फार त्रासाची गेली, हे त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. दहा वर्षं! आम्हाला तीन दिवसांच्या शिबिरात हवं असतं.

हे कुणाला झोंबेल, पण बोलतो. हल्ली आमच्यात 'समक्षता', म्हणजे देव जवळ असणं, याचा अर्थ कीबोर्डचा लांब सूर, बारीक केलेले दिवे आणि डोळ्यांत पाणी. "आज काय समक्षता होती!" म्हणत बाहेर पडायचं आणि फाटकाशी गाडी काढताना पुढच्याला शिवी हासडायची. मीही हासडली आहे. डोळ्यांतलं पाणी खोटं नसतं, पण ते नसलं म्हणजे देवही नव्हता, हे कुणी ठरवलं? बायबलमधला याकोब घरातून पळालेला, भावाला फसवून आलेला, उशाला धोंडा घेऊन झोपला. जागा झाल्यावर म्हणतो, परमेश्वर इथे होता आणि मला ठाऊकच नव्हतं. याकोबाला ठाऊक नव्हतं म्हणून देव तिथून उठून गेला नव्हता.

खरं तर मराठी माणसाला हे पॅरिसहून आणायची गरज नव्हती. जनाबाईचं जातं आपल्या घरातलंच. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांची भजनं आम्ही रविवारी म्हणतो आणि सोमवारी भांडी घासताना मोबाईलवर बातम्या लावतो.

मी केलं एवढंच, ओट्यावरचा मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवला. कुकरची शिट्टी झाली की 'प्रभू, मी इथे आहे' म्हणायचं ठरवलं. तो आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती, माझी हजेरी लावायची होती. पहिल्या दिवशी चार शिट्ट्या झाल्या, आठवण एकीला झाली. शेजाऱ्यांशी पाण्यावरून वाद घालत असताना शिट्टी वाजली, तेव्हा तर फारच पंचाईत झाली. आवाज खाली आणावा लागला.

आता बायको हिंडू-फिरू लागली आहे, पण सकाळच्या भाकऱ्या मीच करतो. काल दिवसभरात तीनदा आठवण झाली. त्यातली एक बोट भाजल्यावर.