रिकामं ते रिकामंच ठेवा ना!

दर पावसाळ्यात तेच. पर्जन्यमापक केंद्रांच्या तीन वेगवेगळ्या जाळ्यांचे ताशी पावसाचे आकडे एकत्र करायला बसते आणि पहिले दोन दिवस नुसते घड्याळं जुळवण्यात जातात. एकाची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दुसऱ्याची भारतीय. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे एकाचा तास दुसऱ्याच्या तासाला मधोमध कापतो. तिसरं जाळं सकाळी ८.३० पासून साठत गेलेली बेरीज देतं. ८.३० ला ती शून्यावर येते आणि तिच्यातून मागच्या तासाची बेरीज वजा केली की पाऊस निघतो उणे ४२ मिमी!

हे निस्तरता येतं. पण नोंदच आली नाही तिथे शून्य का भरता? खोटी शून्यं आधीच कमी आहेत का? परवा घाटातल्या एका केंद्रावर सलग ९ तास ०.० होतं, आजूबाजूला धो धो कोसळत असताना. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पानं अडकलेली. पाणी खाली उतरलंच नाही, तर भरली की कलंडून पाऊस मोजणारी आतली इवलीशी बादली कलंडणार कशी?

वर सल्ला मिळतो, शेजारच्या केंद्राशी जुळत नाही तो आकडा उडवून टाक. नाही उडवणार! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. हा नियम लावला असता तर सांताक्रूझचीच नोंद खोटी ठरली असती. म्हणून प्रत्येक संशयास्पद तास मी रडारचं चित्र शेजारी ठेवून स्वतः तपासते. या आकड्यांवर पुराचे अंदाज उभे राहतात हो. यंत्र बंद होतं तर बंद होतं असं लिहा, एवढंच मागतेय.