पहाऱ्याचं राहूनच गेलं

लहान आतड्यावरचा तुमचा लेख आवडला, पण हे आतडं म्हणजे अन्नरस शोषणारी लांबलचक नळी, इथंच तो थांबतो. ते जंतूंवर पहाराही देतं, हे राहिलं. खरी गंमत पुढं आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला रसांकुर, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन् त्यांच्यावर पेशींचा फक्त एकच थर असतो. अलीकडे जंतूंसकट अन्न, पलीकडे रक्त. म्हणून वर चिकट श्लेष्म्याचा लेप, पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या, आणि रसांकुरांच्या बुडाशी खळग्यांत पॅनेथ पेशी, ज्या जंतूंचं आवरण फोडणारी प्रथिनं सोडतात. शिवाय हा थर 3 ते 5 दिवसांत नवा होतो!

आमच्या यवतमाळकडं पेरणीच्या दिवसात हगवण ठरलेली. आजी म्हणते, "काही देऊ नोको त्याले, सारं बाहीर येते," अन् बाप सलाईनसाठी तालुक्याला निघतो. अहो, पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा, आतड्यातली सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी यंत्रणा चालू असते, अन् त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं. म्हणून ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यातली साखर चवीसाठी नसतेच मुळी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर कॉलराचे रोगी वाचवले.

ओआरएसची मोठी पुडी पुरी एक लिटर पाण्यात टाका, अंदाजे ग्लासात नाही. ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा, अंगावरचं दूध चालूच ठेवा. डोळे खोल गेले, लेकरू सुस्तावलं तर मात्र दवाखाना गाठाच. आशाताई झिंकच्या गोळ्याही देतात, 14 दिवसांच्या. जुलाब थांबले की लोक त्या फडताळात टाकून देतात, हे लेखात यायला हवं होतं.