व्हेंटिलेटरला टायमर

बाबांना व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे ठरवायला आम्हाला पाच मिनिटं मिळाली. लावला. पुढचे अकरा दिवस ‘काढायचा का’ हा विषय ना डॉक्टरांनी काढला, ना आम्ही. दादा एवढंच म्हणायचा, “आपण कोण काढणारे?” त्याचं पटत होतं, पण बाबांचे कॉटला बांधलेले हातही दिसत होते.

नंतर या विषयावर मिळेल ते वाचत सुटले, तेव्हा इस्रायलचा २००५ चा मरणासन्न रुग्णांचा कायदा सापडला.

ज्यू धर्मशास्त्रात मरणाऱ्या माणसाचं मरण हातानं ओढून आणणं ही हत्याच. पण सोळाव्या शतकातले पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे इसर्लेस सांगतात की, अडलेला जीव सुटू न देणारा अडथळा दूर करता येतो. घराजवळ कोणी लाकूड फोडतंय तो आवाज, किंवा जिभेवर ठेवलेलं मीठ. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. बाबांचं ते यंत्र म्हणजे त्यांचा श्वास होता, की बाहेर कोणी लाकूड फोडत होतं?

डॉ. अव्रहाम स्टाइनबर्ग यांच्या ५९ जणांच्या समितीत डॉक्टर, रब्बी, वकील, तत्त्वज्ञ असे सगळे होते. त्यातून निघालेला कायदा म्हणतो, सलग चाललेला उपचार मध्येच तोडायचा नाही. पण डायलिसिससारखा टप्प्याटप्प्यानं होणारा असेल, तर पुढचा टप्पा सुरू न करणं चालतं. व्हेंटिलेटर तर सलग चालतो, म्हणून त्याला टायमर जोडून टप्प्यांत आणण्याची तरतूद. वेळ संपली की पुन्हा सुरू करायचा का, हे रुग्णाच्या इच्छेनुसार ठरवायचं.

याला कोणी पळवाट म्हणेल. मी नाही म्हणणार. दादासारख्या माणसाची श्रद्धा न मोडता बाबांसारख्याला सोडवायची वाट कुणीतरी बसून, भांडून शोधली. शिवाय वेदनाशमनाचा हक्क कायद्यातच लिहिला. खटकतं ते एवढंच की, धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही सलग उपचार थांबवून मिळत नाही. तिथे श्रद्धेची सक्ती होते, आणि ती मला मान्य नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जिवंतपणीच्या इच्छापत्राला (‘लिव्हिंग विल’, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली. २०२३ मध्ये त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट काढली, आता नोटरी चालतो. पण आयसीयूच्या दारात हे कोण सांगतं? सही घेण्याआधी घरच्यांना तासभर बसवून सांगायला माणूस हवा, प्रत्येक सरकारी रुग्णालयात, पगारी.

माझं इच्छापत्र मी केलंय. माझ्या वतीनं बोलणारा म्हणून दादाचं नाव घातलंय. त्यानं ते दोनदा वाचलं आणि “बरं” म्हणाला.