निळा रंग म्हणजे पाणी नव्हे

उन्हाळा लागला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या यंत्राचा एक व्हिडिओ हमखास फिरतो. दोन सळ्या जमिनीत रोवायच्या, बटण दाबायचं, की 1000 फुटांपर्यंतचं पाणी पडद्यावर निळं दिसतं. किती फुटांवर, किती इंची, सगळं शंभर टक्के खात्रीनं. या भरवशावर लोक कर्ज काढून बोअर मारतात, म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

‘यंत्राला पाणी दिसतं.’ मुळीच नाही. यंत्र सळ्यांमधला सूक्ष्म व्होल्टेज मोजतं आणि त्यावरून खडकाच्या रोधकतेचा, म्हणजे तो विजेला किती अडवतो याचा, अंदाज बांधला जातो. पाण्यानं रोधकता घटते, पण चिकणमातीनंही घटते. आपल्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल गेरूचा पट्टा सापडतो. तो फारसं पाणी देत नाही, चित्रात मात्र निळा येतो. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर सगळ्यात गडद निळं निघेल ते पिकाला न चालणारं खारं पाणी.

‘खोली अचूक कळते.’ हा व्होल्टेज येतो आकाशातून जमिनीत शिरणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे, आणि त्या किती खोल जातात हे खडकावरच ठरतं. 100 हर्ट्झची लहर 100 ओहम-मीटर (हे रोधकतेचं एकक) रोधकतेच्या खडकात साधारण 500 मीटर मुरते, 10 ओहम-मीटरच्या मातीत जेमतेम 160. म्हणजे जी रोधकता शोधायची, तीच आधी माहीत असल्याशिवाय खोली सांगता येत नाही. रशियन शास्त्रज्ञ तिखोनोव्ह यांनी 1950 मध्ये आणि फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार यांनी 1953 मध्ये यावर वाट दाखवली: विद्युत आणि चुंबकीय, दोन्ही क्षेत्रं मोजा आणि त्यांचं गुणोत्तर घ्या. नुसतं विद्युतक्षेत्र मोजलं, तर आकाशातून येणारी लहर त्या घटकेला किती जोरात होती हेही त्यात मिसळतं. वर शेतावरून वीजवाहिनी गेली असेल, तर 50 हर्ट्झचा गोंगाट वेगळाच.

‘चित्र सॉफ्टवेअरनं काढलंय, चुकेल कसं?’ सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. सॉफ्टवेअर जमिनीचं एक मॉडेल धरतं, त्याचं उत्तर काढतं आणि मोजलेल्या आकड्यांशी जुळेपर्यंत मॉडेल बदलत राहतं. पण जुळणारी मॉडेलं अनेक असतात. खोलवरचा 10 मीटर जाडीचा, 10 ओहम-मीटरचा थर आणि 20 मीटर जाडीचा, 20 ओहम-मीटरचा थर वरून जवळजवळ सारखेच भासतात.

आता हेच गणित उलट्या बाजूनं करून पाहा. 200 ओहम-मीटरच्या अखंड काळ्या पाषाणात, 200 मीटर खाली, 10 सेंटीमीटरची पाण्यानं भरलेली आडवी भेग धरा. पाण्याची रोधकता 10 ओहम-मीटर. जमिनीवर केलेल्या मापनात एक टक्काही फरक पडत नाही. शेतातल्या मापनाची चूकच सहसा याहून मोठी असते. आणि कठीण पाषाणात बोअरला पाणी लागतं ते अशाच भेगांतून! ‘इतके इंची पाणी’ हा आकडा मग यंत्रानं आणला कुठून?

भूभौतिक सर्वेक्षण निरुपयोगी नाही. मुरूम कुठवर आहे, मांजऱ्या खडक कुठे सुरू होतो, हे विद्युत सर्वेक्षणातून बऱ्यापैकी कळतं आणि कोरड्या बोअरचा धोका कमी होतो. सर्व्हेवाल्याकडे रंगीत चित्राऐवजी मोजलेले मूळ आकडे मागा. शिवारातल्या जुन्या विहिरी-बोअरना पाणी किती फुटांवर लागलं होतं, ते त्याला आधी सांगा, आणि त्याचं मॉडेल त्याच्याशी जुळतं का, ते तुमच्यासमोर दाखवायला लावा.