चांदणीवरच्या अळीने कोणी मरत नाही, त्या मेसेजमधल्या रसाने मात्र मरू शकतं

काल सकाळी आईचा फोन आला, म्हणे मानेवाड्याच्या घरची चांदणी, म्हणजे तगर, तोडायला माणूस बोलावला आहे. अकरा-बारा वर्षांचं झाड, रोज देवाला त्याचीच फुलं, आणि तोडायचं काऊन तर मावशीने व्हॉट्सॲपवर एका अळीचा फोटो पाठवला आणि तशीच अळी आपल्या झाडावर दिसून राहिली. मेसेज असा आहे, "सावधान!! नागपुरात चायनीज जहरी अळी. डोळे सापासारखे, शेपटीवर नांगी, स्पर्श होताच ५ मिनिटांत मृत्यू. रात्री पाखरू होऊन घरात शिरते, कपडे खाते, अंगावर मुतते, फोड येतात. डंख झाल्यास कण्हेरीची पानं वाटून लेप लावा, रस पाजा. चांदणी, कण्हेर तोडून टाका. सगळ्या ग्रुपवर पाठवा." माणसाला चहा पाजून परत पाठवला आणि आता हे लिहून राहिलो.

आधी चायनीज. बाप्पा, हिचं शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी, ते नेरी म्हणजेच कण्हेर, आणि लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने तिला १७५८ सालीच नाव देऊन ठेवलं आहे. आफ्रिकेपासून आपल्याकडपर्यंत ही आधीपासूनच आहे. कारवारला बेल नावाचा आयरिश जंगल अधिकारी होता, तो ढिगाने अळ्या पाळायचा आणि त्यांची पाखरं होईपर्यंत सगळं टिपून ठेवायचा, त्याने स्कॉटसोबत १९३७ मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेचा एक अख्खा खंड फक्त हॉकमॉथ जातीच्या पतंगांवर लिहिला. त्यात ही आहे. आपल्या आजीच्या काळातली अळी आज चायनीज झाली.

ते सापाचे डोळे म्हणजे डोळेच नाहीत. डोक्यामागे अंगावर निळे-पांढरे दोन ठिपके असतात, अळी घाबरली की डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगतो आणि ठिपके मोठे दिसतात, पक्ष्याला वाटावं की कोणीतरी भारी बसलं आहे. पक्षी फसतो की नाही माहीत नाही, मावशी फसली. शेपटीवरची 'नांगी' म्हणजे छोटं पिवळसर शिंग, त्यात ना सुई ना विष. मी आईसमोर हातावर घेतली, पाच मिनिटं काय, चहा होईपर्यंत फिरवली.

आता तो उपाय, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. अळीमध्ये काही नाही, पण कण्हेर खरंच जहरी आहे! पान, फूल, साल, मूळ, सगळंच. त्यातलं विष थेट हृदयावर जातं, उलट्या होतात, ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. पिवळ्या कण्हेरीच्या बियांचंही तेच. जनावरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून तर ती रोडच्या डिव्हायडरवर टिकते. आणि हा मेसेज सांगतो की घाबरलेल्या लेकराला तिचा रस पाजा, म्हणजे ज्याला काहीच झालं नव्हतं त्याला हा उपाय मारणार. लिहिणाऱ्याने एवढाही विचार केला नाही की पाच मिनिटांत माणूस मरतो तर पानं वाटायची कोणी, आणि झाड तर तोडायला सांगितलं आहे, मग पानं आणायची कुठून. कोणी चुकून प्यायलं असेल तर घरी मीठ-पाणी करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

कपडे खाते? पाखराला लांब सोंड असते, ते अंधार पडला की हवेत तरंगत फुलांचा मध पितं, चावायला तोंडच नाही. कपडे खातात त्या वेगळ्याच, एकदम बारक्या पतंगाच्या अळ्या. अंगावर मुततं हेही खोटं, तसे फोड दिव्याखाली येणाऱ्या एका बारीक लाल-काळ्या किड्याने येतात, तो अंगावर चिरडला गेला की.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. सगळ्याच अळ्या अशा गरीब नसतात, केसाळ आणि काटेरी अळ्यांना हात लावला तर खाज, आग, पुरळ सगळं होतं, त्या सोडून द्या. पण ही गुळगुळीत आहे, केस नाहीत. ओळखायची खूण अजून सांगतो, झाडाखाली मिऱ्यासारख्या लेंड्या पडल्या असतील तर वर बघा.

आणि आई ज्याने सगळ्यात जास्त घाबरली ते म्हणजे, "परवा हिरवी होती, आज भुरकट झाली, विष पिकलं असेल." अगं आई, ती कोशात जायला निघाली आहे. होळीच्या आसपास चांदणीला नवी पालवी येते, मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालते, अळी दोन-तीन आठवडे पानं खाते, मग रंग बदलून खाली उतरते आणि वाळलेल्या पानांत कोश करते. गरमीत साधारण दोन आठवड्यांनी पाखरू निघतं, हिरवं-गुलाबी, मिलिट्रीच्या कपड्यासारखं. तुम्ही आत्ता अंगणातला पाचोळा जाळता ना, त्यात तेही जाळता.

मेसेज डिलीट करा असं मी म्हणत नाही, कोणी करत नाही. निदान ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे लिहा की तो रस कोणाला पाजू नका. मावशीला मी फोन केला होता, उचलला नाही. आई, आता तू लाव.