कुंडी की बेड? दादा, आधी बोअरचं पाणी बघू

नमस्कार दादा,

पॉलिहाऊसमधला जरबेरा (शोभेचं फूल) मातीच्या बेडवर, म्हणजे वाफ्यावर, घ्यावा की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंडीत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी स्वतः मातीत जरबेरा घेतो म्हणून बेडची बाजू लावून धरतो; शिरूरच्या तुमच्या पॉलिहाऊसमध्ये सूत्रकृमींनी (मुळांवर गाठी आणणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींनी) दुसऱ्याच वर्षी प्लॉट संपवला; आणि हॉलंडने माती कधीच सोडली, आपण मात्र शेणखतातच अडकलोय.

सूत्रकृमींचं तुमचं शंभर टक्के खरं. माझ्या लेखात तो विषय मी एका ओळीत उरकला, ती चूकच झाली. ज्याने रोप उपटून मुळं बादलीत धुतलीत आणि त्यावरच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी पाहिल्यात, त्याला हे दुखणं वेगळं सांगावं लागत नाही. निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) यांनी जोर कमी होतो, मुळासकट जात नाही. जरबेरा अडीच-तीन वर्षं एकाच जागी उभा, म्हणजे फेरपालटही नाही. लागण झालेल्या बेडवर पुन्हा जरबेराच लावण्यापेक्षा कुंडी केव्हाही बरी. फक्त कुंड्या जमिनीवर टेकवू नका, स्टँडवर ठेवा. खालच्या भोकातून मुळं मातीत उतरली की गाठी परत हजर.

पण हॉलंडचं उदाहरण अर्धंच झालं. तिथला शेतकरी काचघराच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवून वापरतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्याला मातीविना शेती झेपते. स्पेनमधल्या अल्मेरियात सुमारे ३० हजार हेक्टरवर हरितगृहं आहेत आणि त्यातली बहुतेक आजही मातीत. शेणखताचा थर, वर वाळू, आणि त्यात टोमॅटो, ढोबळी. त्यांना कोण मागासलेलं म्हणेल?

मीही मावळात पाच गुंठे कुंड्यांत करून पाहिलेत, सलग तीन वर्षं. फुलाचा दांडा सुरेख आला, मर (झाड वाळवणारा रोग) जवळपास थांबली. पण पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी एकला मोटर बंद पडली. साडेतीनला कुंड्यांतल्या फुलांच्या माना खाली. शेजारचे तांबड्या मातीचे बेड संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे. कुंडीत चार लिटर कोकोपीट, त्याची ओल ती किती पुरणार? बेडला दिवसातून एकदा-दोनदा पाणी दिलं तरी भागतं; कुंडीला तेच ७०-८० मिली करत आठ वेळा द्यावं लागतं. टायमर, लाईट, बॅकअप, सगळं ठणठणीत हवं.

त्याहून मोठा घोटाळा क्षारांचा. मी १.४ ईसीचं (ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) खत-पाणी सोडत होतो. पानांच्या कडा करपायला लागल्या, म्हणून कुंडीखाली वाटी ठेवून निथळलेलं पाणी मोजलं, तर २.९! झाड पाणी पितं, नको असलेले क्षार मागे राहतात. बेडमध्येही साचतात, पण तिथे फूट-दीड फूट माती असते, शेणखत असतं, आणि वेळेवर कळलं तर सावरायला महिनाभर मिळतो. कुंडीत आठवडाही मिळत नाही. दर वेळी २०-२५ टक्के पाणी निथळून गेलंच पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो.

तुम्ही तुमच्या बोअरचा ईसी १.६ लिहिलाय. दादा, त्यात खत मिसळायला जागाच कुठे उरते? या पाण्यावर थेट कुंड्या लावू नका, हे मी काळजीने सांगतोय. पण तुमचं छप्पर २० गुंठ्यांचं आहे, म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. शिरूरला पाऊस ५०० मिमी धरला तरी गटरमधून १० लाख लिटर येतं. १२ हजार झाडांना रोजी ६०० मिलीप्रमाणे ७२०० लिटर लागतात. नुसतं पावसाचं पाणी साडेचार महिने, आणि बोअरबरोबर निम्मं-निम्मं केलं तर नऊ महिने पुरेल, ईसीही ०.८ च्या आसपास येईल. कुंडीतून निथळून जाणारं पाणी आणि बाष्पीभवन धरून थोडं कमी पकडा. कुंड्यांच्या कोटेशनआधी अस्तराच्या शेततळ्याचं कोटेशन घ्या.

तळं होईपर्यंत निम्म्या बेडवर तरी जरबेरा नको. आणि पाण्याचा पूर्ण रिपोर्ट इथे टाका. बायकार्बोनेटचा (पाण्यातला हा घटक आम्लाने कमी करावा लागतो) आकडा कळला की आम्ल किती सोडायचं ते बसून काढू.