वरवंटा गोल असतो

गाडीची चारही टायरं सारखी झिजत नाहीत, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायची असतात. टायरवाल्याकडे हे काम चहा संपेपर्यंत होतं. मी ते घरी केलं. रविवार गेला.

मे महिना. सोलापुरात नऊनंतर पान्याला हात लावणं म्हणजे तव्याला हात लावणं, म्हणून सहालाच अंगणात उतरलो. गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. पण बऱ्याचशा गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. त्यातलंच एक हवेत गेलं की त्याच्यावर काय विसंबायचं? तेव्हा तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचे. दगड शोधत मी स्वयंपाकघरापर्यंत पोचलो आणि वरवंटा घेऊन आलो.

बायको दारात उभी. “वरवंटा गोल असतो,” ती म्हणाली. “गाडीबरोबर तोही जाईल.”

इंजिनिअर मी आहे, ती नाही. वरवंटा गुपचूप जागेवर ठेवला आणि कुंपणाकडेचे दोन ओबडधोबड दगड उचलून आणले.

जुळे सोलापुरातलं आमचं अंगण काळ्या मातीचं. ज्वारीला झकास, जॅकला नाही. मी टॉमी फिरवतोय, गाडी जागच्या जागी आणि जॅक पाताळात. त्यात एसयूव्हीची एक खोड असते. अंग वर आलं तरी चाक बराच वेळ जमीन सोडत नाही, आधी स्प्रिंगा पसरतात. जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला. फरशी ‘कट्’ म्हणाली आणि दोन झाल्या.

शेजारचे अण्णा इतका वेळ फाटकाला टेकून बघत होते. उभी हयात हातमागावर गेलेला माणूस. काही न बोलता घरात गेले आणि चार बोटं जाडीची फळी घेऊन आले. “वडलांच्या मागाची हाय. परत दे.”

फळीवर जॅक, जॅकवर गाडी, चाक अधांतरी! पाना लावून जोर दिला, तर नटाबरोबर अख्खं चाक फिरलं.

“नट आधी ढिले करायचे असतात बे, चाक जमिनीला टेकलेलं असताना,” अण्णा म्हणाले.

“मग आधी सांगायचं ना!”

“विचारलास कुठं?”

गाडी खाली. नट ढिले. गाडी वर. एकाच जॅकवर अदलाबदल म्हणजे आधी पुढे स्टेपनी बसवायची, पुढचं चाक मागे न्यायचं, मग मागचं पुढे आणून स्टेपनी सोडवायची. एका बाजूला तीन उचली, दोन बाजूंना सहा. जे चाक रिकामं असेल ते गाडीच्या पोटाखाली आडवं सारायचं. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसते. मी स्वतः गाडीखाली बोटसुद्धा घातलं नाही; तेवढी अक्कल शाबूत होती.

चौथ्या उचलीला आतून आरोळी आली, “नळ आला!”

आमच्याकडे नळ रोज येत नाही. तो आला की माणसं अंत्यविधीतूनही उठतील. पण वर उचललेली गाडी सोडून जायचं नसतं, म्हणून अण्णांना उभं करून धावलो. बादल्या भरून येतो तो टाकी ओसंडलेली आणि पाण्याचा ओघळ थेट जॅककडे निघालेला. काळी माती भिजली की लोणी होते. गाडी अशी झरझर खाली घेतली की अण्णांनी चक्क “शाब्बास” म्हटलं.

अंगण वाळल्यावर उरलेलं उरकलं. नट समोरासमोरचे धरून आवळले आणि शेवटचा जोर गाडी टेकल्यावर दिला. पण पन्नास-शंभर किलोमीटर झाले की ते पुन्हा तपासायचे असतात. तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद. बायकोला म्हटलं, चल, देवीला जाऊन येऊ. ती संशयाने बघत गाडीत बसली.

देवळाच्या पार्किंगमध्ये मी पाना घेऊन चाकाशी उकिडवा बसलो होतो. मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. “काका, पंक्चर काढायचं किती घेता?”

शंभर म्हणालो. तो ऐंशीवर अडून बसला.